वाचलेल्यांचं रक्त

"जे रक्त आपल्याला वाचवत आलं, तेच आपल्यात उरलं," असं नर्स बात्तिस्तीना एकदा म्हणाली होती. सार्डिनियातल्या त्या दलदलीकाठच्या गावात लग्न ठरलं, की ती रक्त तपासायच्या नळ्या घेऊन दारात हजर. तिची स्वतःची लेक अंगात रक्तच धरत नव्हतं म्हणून सातव्या वर्षी गेली होती.

रिमेदिया मुलाच्या लग्नाच्या पावाच्या कच्च्या कणकेवर कात्रीनं फुलं कोरत बसली होती.

बात्तिस्तीना दारातून म्हणाली, "तुझ्या बाकिसचं रक्त हवंय. नवरीनंच पाठवलंय मला."

"शुभकार्यात सुया कसल्या आणतेस, बाई? आमच्या रक्तात खोट नाही. हिवतापानं गल्ली ओस पडली, तेव्हा माझे सासरे एकटे तगले!"

"म्हणूनच तर आले. हिवतापात तगणारं रक्त त्यांचं असेल. नवरीचं तसंच निघालंय. आईबापांपैकी एकाकडून आलं तर काही होत नाही. दोघांकडून आलं, तर मूल माझ्या लेकीच्या वाटेनं जाऊ शकतं."

रिमेदियाची कात्री थांबली. सासऱ्यांची ही गोष्ट तिनं जन्मभर मिरवली होती.

"बाकिस," तिनं हाक मारली, "इकडे ये. बाही वर कर."

बात्तिस्तीनानं नळी भरली, पिशवीत ठेवली आणि ती बाहेर पडली.