पापुद्र्याचा पाव आणा

सोलापूरच्या मंगळवार पेठेत सिद्रामप्पांचं भांड्यांचं दुकान. जुनं तांबं मोडीत घ्यायचं, नवी भांडी द्यायची. मोडीच्या ढिगात कधी जुनी नाणी निघत. इतर दुकानदार ठसठशीत नाणी उचलत. सिद्रामप्पा सोललेली उचलत. कुठं कडेचा पापुद्रा उडालेला, कुठं मधोमध चट्टा.

"आप्पा, नाणी गोळा करताय की नायटे?" असं पेठेत सगळे विचारत. ते हसत आणि नाणं खिशात टाकत.

त्यांत जीव जडला होता एकावर. कंपनी सरकारचा तांब्याचा पाव आणा. त्याच्यावरच्या एका सिंहाच्या पायावरचा पापुद्रा पापणीसारखा अर्धवट उचललेला, पण सुटलेला नाही. शहरात नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि आप्पांना पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. ही पापणी लोकांनी बघावी, एवढीच त्यांची आस. शेजारची शुभदा, मराठी घेऊन एम.ए. झालेली, नाण्यांच्या चिठ्ठ्या लिहून देणार होती.

प्रदर्शनाच्या सकाळी आप्पा अंघोळ करून आले, तर ताटात सगळी नाणी गुलाबी, लख्ख. बायकोनं, निंगव्वानं, ती चिंच-मीठ लावून घासली होती. सणाला घंगाळ घासतात तशी.

"चार लोकांत असली काळी नेताय व्हय?" ती म्हणाली. "म्हणतील, घरात बाईमाणूस न्हाय."

आप्पांनी पाव आणा उचलला. पापणी गेली होती.

ते खाली बसले. त्यांचं ओरडणं निंगव्वाच्या सवयीचं होतं. हे असं मटकन बसणं नव्हतं.

"अवो, काय झालं?"

"सिंहाचा पाय गेला."

तिनं नाणं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. "चिंचेचा चोथा जास्वंदीच्या कुंडीत टाकलाय. उठा."

शुभदा आली तेव्हा दोघं म्हातारी कुंडीपाशी उकिडवी बसून चोथा चिवडत होती. तीही बसली. थोड्या वेळानं निंगव्वाच्या बोटाला काहीतरी टोचलं. नखाएवढा तांब्याचा तुकडा.

आप्पांनी तो धुऊन भिंगाखाली धरला. सिंहाचा पाय शाबूत होता. मग त्यांनी तुकडा उलटा केला, आणि बराच वेळ उलटाच धरून ठेवला. आतल्या बाजूला बारीक लांब रेघा होत्या. एका टोकाला काळा कण चिकटलेला.

"शुभदा, बघ. हे मी कधी बघितलं नव्हतं."

"काय आहे ते?"

"पापुद्रा सुटायचं कारण हाय. तांबं ओतताना आत मळ राहतो, न्हायतर हवा. मग रुळाखाली दाबून पत्रा करतात. मळबी दाबला जातो, लांब चपटा होतो. तितं तांब्याला तांबं धरत न्हाय. त्याच पत्र्याच्या चकत्या पाडतात, त्यांवर छाप मारतात. दिसायला नाणं बरं. वापरात आलं की पापुद्रा उचलतो."

"म्हंजे पोळीच की," निंगव्वा म्हणाली. "घडीत पीठ जास्त पडलं, की तितंच पदर सुटतो."

"व्हय. तसंच." आप्पांनी भिंग खाली ठेवलं. "मला काय ही पापणी सोलायची हिंमत झाली नसती."

शुभदा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. सकाळी ज्याचा सिंह लंगडा झाला, तो माणूस आता गालात हसत होता.

चिठ्ठी लिहिताना ते अडून बसले. नाणं चिंचेनं घासलंय, हे लिहायचंच. बघणाऱ्याला फसवायचं नाही.

"माझं नाव घालू नगा," निंगव्वा म्हणाली.

"नाव घालत न्हाय. पण तू टेबलापाशी चल."

दुपारी टेबलाभोवती गर्दी होती. पाव आणा एका बाजूला, शेजारी पापुद्रा उलटा ठेवलेला. एका सद्गृहस्थांनी वाकून पाहिलं, खिशातून रुमाल काढला.

"जरा पुसलं तर अजून चमकेल."

"हात लावू नगा," निंगव्वा म्हणाली. "जुनं तांबं पुसत न्हाईत."

आप्पांनी तोंड फिरवलं आणि ते उगाचच दुसरं नाणं सरळ करत बसले.