उत्पन्नाचा रकाना

सुमनताई गेल्याचं कळलं तेव्हा मी मंडईत मेथीच्या जुड्या बघत उभी होते. त्यांच्या भाच्याचा, मंदारचा फोन होता. पहाटे झोपेतच गेल्या म्हणाला. भाजीवाली विचारत होती किती देऊ, आणि मी तिलाच सांगून बसले, आमच्या ताई गेल्या हो... तिनं बिचारीनं हातातली जुडी खाली ठेवली. त्याला आता दीड महिना झाला. रडून झालंय. उरलाय तो संताप, आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

सदाशिव पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत ताई वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. दर गुरुवारी, चार ते सहा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या मदतीला जायला लागले आणि बारा वर्षं जात राहिले. फॉर्म त्यांनी स्वतः तयार केलेला. शिक्षण, काम, आवडीनिवडी, घरात आजारी माणसाचं कोण बघतं, सगळं विचारलेलं. फक्त उत्पन्नाचा रकाना नाही. फ्लॅट, गाडी, पॅकेज, कशालाच जागा नाही. लोक कागद उलटापालटा करून शोधायचे. एक गृहस्थ तर म्हणाले, अहो, उत्पन्नाचं छापायचं राहून गेलंय वाटतं. "राहिलं नाही, ठेवलंच नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे पाण्याचं भांडं सरकवलं.

ताईंना पैशाची किंमत कळत नव्हती, असं कृपा करून कोणी समजू नये. नवरा ऐन तिशीत गेला, पुढची पंचवीस वर्षं त्यांनी लोकांचे ब्लाउज शिवून काढली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पगाराची चौकशी तुम्ही करणारच, खुशाल करा, पण माझ्या दारात माणसाची ओळख तिथून सुरू व्हायची नाही. यात काय चुकलं हो? पण ज्यांची लग्नं ताईंच्याच खोलीत जमली, तेच पुढे आपल्या मुलांची नावं चकचकीत विवाह केंद्रांत घालून आले. शोकसभेत त्यांतलेच एक जण उठून म्हणाले, ताई आदर्शवादी होत्या, पण व्यवहार जरा कमी होता. समोर बसलेल्या कितीतरी माना हलल्या. ज्या बाईनं तुमचा संसार उभा करून दिला, तिला तुम्ही व्यवहार शिकवता! जनाची नाही तर मनाची तरी...

पण बोट दुसऱ्याकडे दाखवायचं तर आधी माझं सांगायला हवं. गेल्या वर्षी गुरुवारी कोणी फिरकेनासं झालं. ताई साडेतीनलाच साडी बदलून, सतरंजी घालून बसायच्या आणि सहाला ती घडी करून ठेवायच्या. मला बघवेना. मी घरून गुपचूप मुलांकडच्यांना फोन करून पॅकेज विचारायला लागले आणि मुलींच्या आयांच्या कानावर घालायला लागले. लोक पुन्हा येऊ लागले. ताई खूश झाल्या. शेवटी एका आईनं भाबडेपणानं त्यांच्यासमोरच माझे आभार मानले, शैलाताईंनी पगार आधीच सांगितला, फार बरं झालं. ती गेल्यावर ताईंनी कपबश्या विसळल्या, पालथ्या घातल्या. मग म्हणाल्या, "विचारलंस त्याचं एवढं नाही गं. माझ्यापासून चोरून विचारलंस. म्हणजे तुलाही ते पटत नव्हतं ना?" मी पिशवी उचलून निघाले. पुढच्या गुरुवारी येऊ का, हे विचारायचाही धीर नव्हता. बुधवारी त्यांचाच फोन आला, उद्या येताना साखर घेऊन ये. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मी ते फोन कायमचे बंद केले.

तेरावं झाल्यावर मंदार म्हणाला, मंडळ आता ऑनलाइन चालवू, मावशीचं नाव राहील. मला भरून आलं. गेल्या आठवड्यात त्यानं नवा फॉर्म मोबाइलवर पाठवला. वर ताईंचा हसरा फोटो आणि खाली पहिलाच रकाना, वार्षिक पॅकेज. त्याखाली स्वतःचा फ्लॅट आहे का, किती बीएचके. माझं डोकंच फिरलं. तसाच फोन लावला आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं, की बाईनं जन्मभर जे विचारलं नाही, ते ती गेल्यावर तिच्या तोंडी घालतोस? तो शांतपणे म्हणाला, "अहो शैलामावशी, लोक आधी तेच विचारतात. थोडं प्रॅक्टिकल व्हा ना."

"मग ताईंचा फोटो आणि हा रकाना एका कागदावर नको," मी म्हटलं. "दोन्हींतलं एक काढ."

बघतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारलेला फॉर्म आला. त्यानं फोटो काढून टाकला होता.

ताईंचे कोरे फॉर्म माझ्याकडे साठ-सत्तर आहेत. आता गुरुवारी चार वाजता मी माझ्या घराचं दार उघडं ठेवते, सतरंजी घालते आणि बसते. मागच्या गुरुवारी कोणी आलं नाही. उद्या गुरुवार आहे.