रिंगमध्ये जागा आहे

त्यांनी विणकामाचा धोटा माझ्या हातातून घेतला आणि खिशातल्या रुमालाने पुसला. नुसता वरून नाही. टोकाजवळ जे बारीक भोक असतं, जिथे मी आत्ता तोंड लावलं होतं, तिथे रुमालाचं टोक घालून, फिरवून पुसला. मग समोर उभ्या पाहुण्यांच्या मुलीला दिला.

"हं बाळा, आता तू कर."

आणि माझ्याकडे बघून हसले. हसणं वाईट नव्हतं, म्हणूनच मी गोंधळले. मीही हसले. मला तशी सवय आहे. कुणी मोठं माणूस हसलं की मी आधी हसते, विचार मग करते.

ते अप्पा. आमच्या मॅडमचे काका. दादरचे, बँकेतून रिटायर झालेले. त्यांचे वडील याच गिरणीत हेडक्लार्क होते. गिरणी म्हणजे आता टॉवर. लालबागकडून चालत आलं की जुनी चिमणी दिसते, तिला खालून लाइट मारलेत. टॉवरच्या तळमजल्यावर गिरणीच्या आठवणींची गॅलरी केलीय, ती मॅडम बघतात. फोटो, भोंग्याचा आवाज, एक अख्खा साचा, म्हणजे कापड विणायचं यंत्र. रविवारी लोक बघायला येतात आणि अप्पा त्यांना गिरणगावाचा इतिहास सांगतात.

मी तिथे झाडूपोछ्याला लागले होते. जालन्याकडची मी. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन चिंचपोकळीला आले, चाळीत आजेसासऱ्यांच्या खोलीत. शहर अजून माझं झालेलं नाही. कुणी "बस" म्हणालं की मी आधी मागे वळून बघते, दुसऱ्या कुणाला म्हणाले का. मॅडमनी मला बसायला खुर्ची दिली. मी बोर्ड पुसता पुसता वाचते हे त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू स्टाफचा टी-शर्ट घाल, लोकांना माहिती दे." माझ्या मुलीला दादरच्या शाळेत घेत नव्हते, तर त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. तो फोन मी विसरत नाही. आजही त्यांचं नाव घेताना माझा आवाज खाली येतो.

धोटा मी त्यांच्यामुळेच शिकले. लाकडाचा असतो, दोन्हीकडे निमुळता, लहान होडीसारखा. पोटात सुताची कांडी बसवतात. सुताचं टोक भोकातून बाहेर काढायचं तर बोट आत जात नाही. मग कामगार भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा. सूत सरळ ओठावर यायचं. ऑफिसातल्या सगळ्यांनी करून बघितलं. कुणाला ठसका लागला, कुणाच्या तोंडात नुसता धूळकट कापूस गेला. माझ्या ओठावर सूत आलं.

"तुला जमतं की गं," मॅडम म्हणाल्या. "रविवारी तूच दाखव."

मी त्या शनिवारी केस धुतले. टी-शर्टला इस्त्री केली. इतकी खूश होते.

दाखवायच्या आधी अप्पांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग विचारलं, "म्हणजे गाव कुठलं?" मी तेही सांगितलं. "असं असं," म्हणाले. मग मी दाखवलं. मग तो रुमाल.

घरी येऊन मी काही बोलले नाही. आबा, माझे आजेसासरे, दारात खुर्ची टाकून बसले होते. आयुष्य याच गिरणीत गेलेला माणूस. मागे भिंतीवर बुद्धाचा फोटो, समोर रस्ता, मध्ये आबा. मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "आबा, आज मी पाहुण्यांना धोटा दाखवला."

"तोंडानं?"

"हो."

आबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "पुसला का कुणी?"

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. मी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पोरी, आपल्याला साचाखात्यात घेत नव्हते. धोटा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. माझ्या बापाला तोंडावर बोलायचे, तुमचं उष्टं आम्ही तोंडात घेऊ काय. साच्यावरच्या माणसाला पगार बरा. म्हणून तिथं ते, आणि सूत काढायच्या रिंगखात्यात आपण. तिथं तोंड लावायचं काम नाही."

"तुम्हालाही तसंच म्हणाले?"

"मला? छे. माझ्या वेळेला कायदा आलेला. मला कोण बोलतंय." आबा हसले. "मी जॉबरला म्हटलं, माणसं भरणारा मुकादम तो, मला साच्यावर घ्या. माणूस चांगला होता. चहा पाजला. म्हणाला, रिंगमध्ये जागा आहे."

"मग?"

"मग काय, गेलो. पुढं परत विचारलं. परत रिंगमध्येच जागा. लई जागा होती बघ त्या रिंगमध्ये."

आबांच्या बोलण्यात राग नव्हता. गॅलरीच्या दाराशी मोठा बोर्ड आहे, "इथे सगळे एका कुटुंबासारखे राबले". तो मी रोज पुसते. कोलीन मारून, अक्षरांच्या कडा साफ करून. त्या बोर्डावर रिंगखातं नाही. आबांचा बाप नाही. कुटुंब आहे.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. कोविडनंतर लोक सेन्सिटिव्ह झालेत. तोंड लावलेली वस्तू दुसऱ्याला देणं, हायजीनचा प्रश्न येतो. यापुढे समीर दाखवेल. तू त्याला कांडी बसवून दे."

मी "बरं मॅडम" म्हटलं. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. हायजीन. हा शब्द चांगला होता. तो धरून मी आठवडा काढला. आबांचं जुनं झालं, असं स्वतःला सांगितलं. मॅडम तशा नाहीत, असंही सांगितलं. समीर ऑफिसातला, मॅडमच्या नात्यातला. त्यालाही तोंड आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

रविवार आला. मी कांडी बसवून दिली. समीरने भोकाला तोंड लावलं, खोकला, परत लावलं. सूत ओलं होऊन बाहेर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी धोटा त्याच्या हातातून घेतला आणि पुढच्या माणसाला दिला.

रुमाल खिशातच.

विसरले असतील, मी म्हटलं. पुढचा घोळका आला. समीर परत खोकला. धोटा परत हातातून हातात. मी कांड्या बसवत होते आणि डोळे अप्पांच्या खिशावर होते. चोरावर ठेवावं तसं लक्ष ठेवलं मी त्या खिशावर. मला वाटत होतं, एकदा तरी पुसा. काहीही करून एकदा पुसा, म्हणजे मी घरी जाऊन आबांना सांगेन की तुमचा काळ गेला. त्यांनी रुमालाने कपाळावरचा घाम पुसला, पण धोटा पुसला नाही.

शेवटच्या घोळक्यात कॉलेजची मुलं होती. अप्पा रंगात आले होते. "गिरणगावात जातपात नव्हती हो. भोंगा झाला की सगळे एक. कोकणी, घाटी, कुणी कुणाला विचारत नसे."

कांडी बसवलेला धोटा माझ्या हातात होता. समीरने हात पुढे केला. मी दिला नाही. का, ते तेव्हा ठरवलेलं नव्हतं. मुलीची शाळा डोळ्यासमोर आली. तरी मी तोंड लावलं, श्वास ओढला. सूत ओठावर आलं.

मग बोलले. आवाज बारीक आला, तरी बोलले.

"आमच्या लोकांना हे करू देत नव्हते. तोंड लावायचं असतं म्हणून. आमचं उष्टं चालत नव्हतं. माझ्या आजेसासऱ्यांचा बाप इथेच होता. रिंगखात्यात. त्याला साच्याजवळ येऊ दिलं नाही. ते बोर्डावर नाहीय."

मी धोटा अप्पांसमोर धरला.

"अप्पा, पुसा. मागच्या रविवारी पुसला होता तसा. यांच्यासमोर पुसा."

"अगं, तसं काही माझ्या मनात नव्हतं, बाळ."

"मग घ्या. तुम्ही करून दाखवा."

त्यांनी हात पुढे केला नाही. रुमालही काढला नाही. घड्याळाकडे बघितलं. मॅडम मागून म्हणाल्या, "आपण नंतर बोलू." एका मुलीने माझ्याकडे हात केला, म्हणजे तिला करून बघायचं होतं. मी धोटा तिला दिला. तिने तसाच तोंडाला लावला. तिला जमलं नाही, पण ते वेगळं.

सोमवारी मॅडमनी केबिनमध्ये बसवलं. खुर्ची दिली. चहा मागवला. चहा बघून मला जॉबर आठवला.

"तुला आता इथे ऑकवर्ड होईल," त्या म्हणाल्या. "अप्पांनाही वाईट वाटलंय. रे रोडला आपलं गोडाऊन आहे ना, तिथे जागा आहे. पगार तोच. काम कमी."

तिथे जागा आहे. अगदी तेच शब्द. आबांना सांगितलं तर पोट धरून हसतील, असं वाटलं.

"मॅडम, मुलीच्या शाळेचा फोन तुम्ही केलात. मी ते मरेपर्यंत विसरणार नाही. पण मी रे रोडला जाणार नाही."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"मला इथून का हलवताय ते सांगा. कारण सांगा."

"कारण असं काही नाही गं."

"मग मी इथेच आहे."

चहा तसाच ठेवून उठले. भीती गेलेली नाही. फोन वाजला की शाळेतून असेल असं वाटतं. कुणी हसून बोललं की त्या हसण्याच्या मागे बघते. समीर माझ्या बाटलीतलं पाणी पितो का, बघते. कुणाच्या उपकाराखाली आता मला आंधळं राहता येत नाही.

पण मी रोज जाते. तो बोर्ड मी आता पुसत नाही. त्यावर धूळ चढतेय, कुणी विचारलं तर सांगेन, आधी रिंगखातं लिहा, मग पुसते. रविवारी साच्याजवळ उभी राहते. कांडी बसवते आणि समीरला देत नाही.

आबांना आयुष्यभर कुणी तोंडावर "नाही" असं म्हणालं नाही. त्यांना फक्त दुसरीकडे जागा दाखवली, आणि ते गेले. मला तशी जागा नको. काढायचं असेल तर काढा, पण चारचौघांत, कारण सांगून, नाव घेऊन काढा. तोवर धोटा माझ्या हातात आहे.