सोजराबाईंची धूरबंदी

नात अपेक्षाला दमा आहे हे कळलं, त्या दिवसापासून तळवड्याच्या सोजराबाईंनी धुराशी वैर धरलं.

त्याची सुरुवात डॉक्टर पूनम यांच्या दवाखान्यात झाली. मुलगा कुलदीप, सून जयमाला, नवरा अर्जुनराव आणि सोजराबाई, अख्खं घर पोरीला घेऊन गेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "औषध मी देईन. पण तुमच्या घरात काय जळतं, काय उडतं, ते मला इथं बसून दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचं, म्हणजे आपण मिळून हिला सांभाळू. घरात धूर कशाचा होतो?"

कुलदीपनं पंख्याकडे पाहिलं. जयमालानं पायाच्या अंगठ्याकडे. अर्जुनराव भिंतीवरचा लसीचा तक्ता मन लावून वाचू लागले.

सोजराबाई रोज सकाळी जिन्याखाली मिश्री भाजत. लोखंडी तव्यावर तंबाखू काळाभोर होईस्तोवर परतायचा, मग चुरून दात घासायला डबीत भरायचा. तो धूर जिन्यानं थेट गच्चीपर्यंत चढायचा. वरच्या मजल्यावर आयटी पार्कात नोकरी करणारी भाडेकरू पोरं उशीत तोंड खुपसून पडत. एका नव्या पोरानं तर अग्निशमन दलाला फोन केला होता. बंब आला. सोजराबाईंनी जवानांना चहा पाजला आणि शेजारच्या घरात नीट बघून घ्या म्हणून सांगितलं. मिश्रीचा धूर असतो हेच त्यांना मान्य नव्हतं. "धूर कुठंय? वास हाय त्यो," असं त्या म्हणत, आणि त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती.

"उदबत्तीचा व्हतो," सोजराबाईच पुढे होऊन म्हणाल्या.

"हो, उदबत्तीचा," बाकीचे तिघं एका सुरात म्हणाले.

घरी येताच उदबत्ती बंद झाली. देवापुढे सेलवरचा दिवा आला. पोरीचं कापसाचं अस्वल माळ्यावर गेलं. अर्जुनरावांचं घोंगडं जप्त झालं. कुलदीप चाकणला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये रंग फवारायच्या कामाला. त्यानं शिफ्टवरून आल्यावर जिन्यातच कपडे बदलायचे आणि टॉवेलवर घरात शिरायचं, असा हुकूम निघाला. कबुतरं बिचकावीत म्हणून गॅलरीत गाण्यांच्या जुन्या चकचकीत सीडी टांगल्या. रस्त्यावर डंपरची धूळ उडते म्हणून सोजराबाई पाइप घेऊन रस्ता धुऊ लागल्या. एका डंपरवाल्यानं काच खाली करून विचारलं, "मावशी, रस्ता तुमचा का?" त्या म्हणाल्या, "व्हता. रुंदीकरणात गेला."

एवढं सगळं उरकून त्या दमून जिन्याखाली बसत आणि मिश्री भाजायला घेत.

पोरगी सकाळी खोकायची ती खोकतच राहिली. डॉक्टरांनी रोज घ्यायला पंप दिला होता, पण पंपाची सवय लागते म्हणून सोजराबाईंनी त्याला बंदी घातलेली. जयमाला तो न्हाणीघरात, नळ मोठा सोडून, चोरून देत असे. म्हणजे डॉक्टरांपासून मिश्री लपवलेली आणि आजीपासून पंप.

मग जुन्नरला सोजराबाईंच्या बहिणीच्या नातीचं लग्न निघालं. त्या आठवडाभरासाठी गेल्या, तवा जिन्याखाली पालथा पडला आणि पोरीचा खोकला थांबला. ती पार्किंगमध्ये दोरीच्या उड्या मारू लागली. घरात आनंद झाला आणि त्याच्यामागोमाग भीती आली. सोजराबाई रोज व्हिडिओ कॉल करत. पोर ठणठणीत दिसली तर त्या विचारणार, कशानं बरी झाली? त्याचं काय सांगायचं?

"फोनवर थोडं खोकायचं बाळा," कुलदीपनं पोरीला शिकवलं.

पोरगी शाळेच्या नाटकात काम करणारी. ती अशी खोकली, की तिकडे सोजराबाईंच्या हातातल्या अक्षता सांडल्या. आजोबांनाही चेव आला, तेही मागून खोकले. नवरा आणि नात दोघंही जातात की काय, असं वाटून सोजराबाई हळदीच्या अंगानं पहिल्या एसटीत बसल्या, चाकणला उतरल्या आणि रिक्षा करून दारात आल्या. समोर अपेक्षा दोरीवर उड्या मारत होती.

"खोकत व्हतीस न्हवं?"

"ते फोनपुरतं होतं, आजी."

सोजराबाई वर आल्या. तिघंही उभे राहिले.

"माझ्या माघारी पोर बरी व्हती?"

कुलदीपनं जयमालाकडे पाहिलं, जयमालानं अर्जुनरावांकडे. शेवटी अर्जुनरावांनी घसा खाकरला. "व्हय. तुज्या मिश्रीच्या धुरानं खोकती ती."

"मंग आजवर का न्हाई सांगितलं? भिता मला?"

"व्हय," तिघंही म्हणाले.

सोजराबाई खाली बसल्या. मिश्रीचं त्यांना एवढं लागलं नाही, जेवढं ते एकमुखी 'व्हय' लागलं. बराच वेळ त्या पदरानं तोंड पुसत राहिल्या. मग उठल्या, तवा फडक्यात बांधला आणि सगळ्यांना घेऊन दवाखान्यात गेल्या.

"ह्यो बघा," तवा टेबलावर ठेवत त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "ह्याचं नाव कुणी घेतलं न्हाई तुमच्याम्होरं."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "आता तुम्हाला काय जमेल, आजी?"

सोजराबाईंनी विचार केला. "भाजायचं आजपासून बंद. लावायचं एकदम न्हाई सुटायचं."

"चालेल. इथून सुरू करू. तुमच्या हिरड्यांचं मग बघू."

तेव्हा जयमालालाही धीर आला. तिनं न्हाणीघरातल्या पंपाचं सांगून टाकलं. सोजराबाईंनी डोळे वटारले, पण डॉक्टरांनी पंप आणि त्याला जोडायचं नळकांडं हातात देऊन समजावलं: औषध थेट छातीत जातं, सवय लागत नाही, आणि बरं वाटलं तरी मनानं बंद करायचं नाही. सोजराबाईंनी रिकामा पंप आधी अर्जुनरावांवर चालवून पाहिला.

"पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा," डॉक्टर म्हणाल्या.

"चूळ भरायचं मला शिकवू नगा," सोजराबाई म्हणाल्या.

पंप तेव्हापासून त्यांच्याच ताब्यात आहे. मिश्री आता दुकानातून भाजलेली येते; ती राखेसारखी लागते म्हणून त्या आपोआप कमी लावतात. अपेक्षा पूर्ण बरी झाली असं नाही. थंडीत एकदा तिला जोराचा दम लागला. पण कुणी आरडाओरडा केला नाही. जयमालानं तिला ताठ बसवलं, सोजराबाईंनी दम लागल्यावर द्यायचा दुसरा पंप दिला, कुलदीपनं रिक्षा आणली, आणि दुपारपर्यंत सगळे दवाखान्यातून परत आले.

अडचण एवढीच झाली की घरातली भीड पार चेपली. आमटी खारट झाली की कुलदीप तसं सांगू लागला. जयमालानं सासूबाईंची हाक गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते हे सांगितलं. सोजराबाईंनी ऐकून घेतलं. मग एकदा जेवताना अर्जुनराव म्हणाले, "घराचा ह्यो पोपटी रंग मला कधीच आवडला न्हाई."

"त्यानं कुणाला दम लागतो का?"

"न्हाई."

"मंग गप जेवा."