घरातली सगळ्यात कठोर बाई

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी नवऱ्याशी अबोला धरला होता. कारण आता आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण सांगण्याच्या लायकीचं नाही. मला वाटलं होतं, माणूस झुरेल, त्याचं जेवणावरचं मन उडेल, शेवटी झेंडूच्या वाफ्यात गाठून माफी मागेल. त्या काळात त्यानं वजन वाढवलं. मी न बोलता वाढायचे, तो न बोलता दुप्पट खायचा आणि संध्याकाळी ओट्यावर पाय पसरून रेडिओ ऐकायचा. शेवटी मीच बोलले, तर म्हणाला, "संपलं का? मला वाटलं, दिवाळीपर्यंत चालेल." ती नाक वर करून ताटं आपटत फिरणारी पोर अजून डोळ्यांसमोर येते. स्वतःला मोठी छळवादी समजायची, बावळट. नवऱ्याला तिनं शिक्षा म्हणून सुट्टी देऊन ठेवली होती, आणि हे कळायला तिला केस पांढरे करावे लागले.

कळलं ते नातीमुळे. नात सहा वर्षांची आहे, स्वमग्न आहे, बोलत नाही. आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, मागे झेंडू आणि गुलाबाचं रान. मुलगा मनमाडला रेल्वेत, रोज जाऊन-येऊन करतो, सून सकाळी फुलं घेऊन बाजार गाठते. गेल्या वर्षी नातीनं स्वतःचं उजवं मनगट चावायला सुरुवात केली. आधी नुसते दातांचे ठसे, मग रक्त. जखम चिघळली, बरी झाली, परत चिघळली. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा चिघळली तर दवाखान्यात ठेवावं लागेल, हात कायमचा अधू होऊ शकतो. त्यानंतर घरात दुसऱ्या कशाची काळजी उरली नाही.

ती चावली की आम्ही तिघंही धावायचो. मुलगा उचलून घ्यायचा, सून रडायची आणि मी तिच्या हातात फोन कोंबायचे. त्यात कुठल्याशा परदेशी पोरी साबणाचे फुगे उडवत असायच्या. फोन मिळाला की दात सुटायचे. आम्हाला वाटायचं, सुटलो.

मग सून गंगापूर रोडच्या एका केंद्रातून मॅडमना घेऊन आली. मुलांच्या वागण्यावर काम करणारी बाई, सुनेपेक्षाही लहान. ती कोपऱ्यात बसून नुसती बघत राहिली. शेवटी म्हणाली, चावलं की फोन मिळतो हे तुम्हीच तिला शिकवलंय, आणि फार छान शिकवलंय. मुलाचं म्हणणं, एक फटका देऊन बघू का? त्यावर तिनं शांतपणे विचारलं की फटका दिला आणि चावणं तसंच राहिलं, तर त्या फटक्याला काय म्हणाल. मग स्वतःच म्हणाली, "तुम्हाला किती राग आला यावरून शिक्षा ठरत नाही. ज्याच्यानंतर ते वागणं कमी होतं, ती शिक्षा. बाकी सगळा तमाशा." आणि फटक्याची गरजच नाही म्हणाली, चावण्यातून काही मिळेनासं करायचं.

मला तिथल्या तिथे ओट्यावरचा रेडिओ ऐकू आला. त्यात भर म्हणून मुलगा हसायला लागला. तो लहान असताना बाजाराच्या आदल्या दिवशी सगळ्यांना हार ओवायला बसवायचे, आणि हा हमखास दोरा तोडायचा. मी गरजायचे, ऊठ, चालता हो माझ्या नजरेसमोरून. "मुद्दाम तोडायचो गं आई," तो मॅडमसमोर म्हणाला. "तू हाकललंस की मी थेट क्रिकेटला." आणि मी आळीभर सांगत फिरायचे, पोराला माझा काय धाक आहे म्हणून.

मॅडमनं बेत आखला. मनगटावर जाड मऊ पट्टा, म्हणजे दात कातडीपर्यंत पोचणार नाहीत. नातीसमोर फोनचं चित्र असलेलं एक कार्ड. ते कार्ड आपल्या हातात दिलं की फोन ताबडतोब, हसत हसत. चावली तर फोन नाही, नजर नाही, 'अगं बाळा' नाही. फोन बघता बघता चावली तर फोन थोडा वेळ बंद. आणि तिनं बजावलं, आधी वाढेल. तेव्हा एक जण जरी पाघळला, तरी ती एवढंच शिकेल की याहून जोरात चावायला हवं.

तर समोर बसायचं कोणी? मुलगा पहिल्या किंकाळीला अंगणात जाऊन मोटारसायकल पुसायला लागला. सून बसली, पण तिचे डोळे वाहायला लागले आणि नात ते डोळे टक लावून बघत राहिली. म्हणजे चावून काहीतरी मिळालंच की. सून उठली.

"आई, तुम्ही बसा. तुमच्याइतकं कठोर या घरात कोणी नाही."

"ही स्तुती की सूड?"

"दोन्ही," ती म्हणाली.

मी बसले, आणि मला ते आवडलं. माझ्या दगडी चेहऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी काम दिलं होतं. नात किंचाळायची, पट्ट्यात दात रुतवायची, पाय आपटायची. मी भिंतीवरच्या पालीकडे बघत बसायचे. एकदा शेजारीण कुंपणापाशी येऊन ओरडली, "काय गं, पोरीला मारून टाकती का? या वयात तरी नीट वाग." सून तिला समजवायला गेली. मी मान वळवली नाही. शेजारणीचं बोलणं ऐकून आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या, तेही सांगून टाकते.

मॅडम म्हणाली होती तसं वाढलंच. पट्टा चावून काही हाती लागेना, तेव्हा एका दुपारी नातीनं माझा हात ओढला आणि अंगठ्याच्या मुळाशी चावली. अशा वेळी हात मागे खेचायचा नसतो, उलट थोडा आत दाबायचा, म्हणजे जबडा आपोआप सैल होतो. मॅडमनं शिकवलं होतं, तसं केलं. तोंडातून आवाज काढला नाही. नात माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे तिच्यासाठी काहीच नव्हतं. मग तिनं कार्ड उचललं आणि माझ्या मांडीवर टाकलं. मी हसून फोन दिला.

त्यानंतर चावणं उतरत गेलं. कार्ड झिजलं, नवं करावं लागलं. पट्टा सुटला.

मॅडमनं आणखी एक सांगितलं होतं, ते मात्र मी कानाआड केलं. कठोर बसणाऱ्यानंच एरवी तिच्याशी खेळायचं, तिला आवडतं ते द्यायचं; नाहीतर ती चावण्याबरोबर तुम्हालाही सोडून देईल. मला ते शिकलेल्या बायकांचं लाडिकपण वाटलं. झोका, गाणी, मुरमुरे सगळं सुनेकडे सोपवलं आणि मी भिंतीपाशी माझी बैठक सांभाळली. या वयातही तीच बावळट पोर माझ्या अंगात नाक वर करून बसली होती.

आता मी खोलीत गेले की नात उठते. रागानं नाही, उन्हातून उठून सावलीत जावं, तशी. पूर्वी दुपारची माझ्या पोटावर डोकं ठेवून, माझ्या कानाची पाळी चोळत झोपायची.

मॅडम म्हणते, भरून निघेल, वेळ लागेल, काही न मागता देत राहा. म्हणून मी दारात मुरमुऱ्यांची वाटी घेऊन बसते. परवा सुनेनं विचारलं की पुन्हा वेळ आली तर तशाच दगडी चेहऱ्यानं बसाल का. मी म्हटलं, उद्या सकाळीसुद्धा बसेन. ती म्हणाली, "मग आता वाटी खाली ठेवा आणि मागे सरका. तुम्ही धरलेली ती घेत नाही."

मी सरकले. नात आली, उजव्या हातानं वाटी उचलली आणि वळून आईकडे गेली. मनगटावर जुने वण आहेत, नवा एकही नाही. मी नीट बघून घेतलं. तेवढ्यापुरतीच ती माझ्या जवळ येते.