टर्की आणि बाबांचं पथ्य

आमच्या मराठी मंडळात एकमताने मंजूर झालेला एकच ठराव मला आठवतो. तो टर्कीचा होता.

डिसेंबरात बहारीनचा राष्ट्रीय दिन आणि नाताळ यांच्या मधल्या शुक्रवारी सित्राच्या कामगार कॅम्पवर जाऊन ‘काहीतरी’ करायचं, असं मंडळाने ठरवलं होतं. सेक्रेटरीबाई नुकत्याच अमेरिकेत मुलीकडे सहा महिने राहून आल्या होत्या. तिकडे सणावारी लोक टर्की गोळा करून गरजूंना वाटतात आणि त्याला टर्की ड्राइव्ह म्हणतात, हे त्यांनी आम्हाला बुदैयाच्या त्यांच्या व्हिलात सामोसे खाता खाता सांगितलं. मग चर्चा झाली. चिकन ते लोक रोजच खातात. बिर्याणी मागच्या वर्षी केरळवाल्यांनी वाटली, म्हणजे नक्कल दिसेल. डुकराचा प्रश्न या देशात निघत नाही. आणखी एका मांसाचं नाव कोणीच घेतलं नाही, आणि न घेतलेलं ते नाव मला मात्र स्पष्ट ऐकू आलं. टर्की सगळ्यांना चालली, कारण ती कोणाचीच नव्हती. त्या दिवाणखान्यात बसलेल्या कोणाच्याही आजोबांनी ती खाल्ली नव्हती आणि कोणाच्याही आजीला तिचा विटाळ झाला नव्हता. आमचे अध्यक्ष शुद्ध शाकाहारी. त्यांनी स्वतःतर्फे दोन टर्की जाहीर केल्या आणि टाळ्या घेतल्या.

कामगारांना काय आवडेल हे विचारायचं राहून गेलं. ते मीही विचारलं नाही. मी मनातल्या मनात विनोद करत बसलो होतो. अशा सभांत माझं काम तेवढंच असतं.

आठवड्याभरात पाच टर्की जमल्या. गोठलेल्या, दगडासारख्या, एकेक पाच-सहा किलोची. आता त्या भाजायच्या कोणी? ओव्हन सगळ्यांकडे होते, पण मार्गशीर्ष चालू होता. ज्या घरात गुरुवारी घट मांडतात तिथल्या स्वयंपाकघरात महिनाभर मांस शिजत नाही. सेक्रेटरीबाईंचा फोन आला.

“अहो, तुमच्याकडे मार्गशीर्ष नसतो ना?”

प्रश्न अत्यंत मऊ आवाजात विचारला होता. जात कुठली, असं आता कोणी विचारत नाही. मार्गशीर्ष असतो का, एवढं विचारलं की पुरतं. मी म्हटलं, “नसतो.” तीन टर्की आमच्या अरादच्या फ्लॅटमध्ये आल्या आणि उरलेल्या दोन एका गोव्याच्या कुटुंबाकडे गेल्या. धर्मांतराला इतकी वर्षं झाली, पण त्याचा मंडळाला झालेला हा पहिला थेट उपयोग असावा.

त्या वेळी बाबा आमच्याकडे होते.

बाबा एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी माझ्या बहिणीजवळ राहतात. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या दवाखान्यात शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, नंबर लावला, तो जानेवारीत लागणार होता. वर्षअखेरीला मला रजा मिळत नव्हती, म्हणून मीच त्यांना व्हिजिट व्हिसावर तीन आठवडे इकडे आणलं. डॉक्टरांनी बहिणीला सांगितलं होतं की शेक सुरू झाला की तोंडाची चव जाते. बहुतेकांची परत येते. म्हाताऱ्या माणसांची येईलच असं नाही. हे बाबांच्या समोरच सांगितलं होतं. बाबांना इंजिनातलं कळतं, त्यामुळे एखादा भाग जाणार म्हटल्यावर ते घाबरत नाहीत. तो जायच्या आधी काय करून घ्यायचं याचा विचार करतात.

परतायच्या आठवड्यात एकदा बाल्कनीत चहा घेताना त्यांनी विचारलं, “इथं मोठ्याचं भेटते का रे?”

“मिळतं ना. कुठेही मिळतं.”

“चोरून?”

“नाही बाबा. दुकानात. काउंटरवर पाटी लावलेली असते. भारतातून येतं तेही मिळतं.”

बाबा बराच वेळ हसले. “म्हणजे आपल्याकडचं इकडं येते, अन् ते खायले आपण इमानात बसून यायचं.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “गावात आता कोणी आणत नाही. म्हशीचं आहे म्हटलं तरी पिशवी उघडून पायतात. तुह्यी माय गेल्यापासून मी खाल्लंच नाही. शेकाच्या आधी एकदा खाऊन घेऊ म्हणतो. चव आहे तवर.”

त्यांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. फीसाठी, लग्नासाठी, घरासाठी मागत आलो तो मी.

लहानपणी आमच्या घरी ते शिजायचं तेव्हा आई खिडकी लावून घ्यायची. शाळेत कोणी डब्यात काय म्हणून विचारलं तर आम्ही भावंडं वांग्याची भाजी म्हणायचो. आमच्या डब्यात आठवड्यातून तीनदा वांगी असतात म्हणून मास्तरांना आमची कीव यायची. पुढे मी शिकलो, पुस्तकं वाचली, याच विषयावर दोनदा तावातावाने बोललो, एकदा तर व्यासपीठावरून. त्यामुळे खिडकी आपण केव्हाच उघडली, असा माझा समज होता.

मी म्हटलं, “बाबा, शुक्रवार होऊ द्या.”

कारण उघड होतं. फ्रिजमध्ये तीन टर्की वितळत पडल्या होत्या, आणि घरात मंडळाची ये-जा सुरू झाली होती. सेक्रेटरीबाई मसाला बघायला येत. अध्यक्षांच्या पत्नी फोटो काढायला येत, शाकाहारी असल्यामुळे स्वयंपाकघराच्या दारातूनच. अशात गॅसवर मोठ्याचं पातेलं असतं आणि कोणी झाकण उचललं असतं तर? नोकरीला काही धोका नव्हता. कायदा आड येत नव्हता. या देशात तर ते पाहुण्याला मानाने वाढतात. तरीही मला भीती वाटत होती, हे सांगायला आज जास्त लाज वाटते.

माझी मुलगी दहावीत आहे. तिला मराठी कळतं, पण ती उत्तर अर्धं इंग्रजीत देते. ती मला म्हणाली, “इट्स जस्ट बीफ, बाबा. आम्ही मॉलमध्ये बर्गर खातो ना. आंटींचा मुलगा पण खातो.” आंटी म्हणजे सेक्रेटरीबाई. तिचं खरं होतं. पावात घालून इंग्रजी नाव दिलं की त्याची जात जाते. हळद-तिखटाच्या रश्श्यात टाकलं की परत येते. हे मी तिला समजावून सांगितलं नाही. समजावता समजावता मलाच ऐकावं लागलं असतं.

गुरुवारी संध्याकाळी बायकोने आणि मी टर्की भाजायला घेतल्या. आलं, लसूण, दही, गरम मसाला, जे माहीत होतं ते सगळं चोपडलं. चार तासांनी पहिली बाहेर आली तेव्हा दिसायला मासिकाच्या मुखपृष्ठासारखी होती. बाबांनी एक तुकडा चाखला, चावत राहिले, आणि म्हणाले, “एवढा मोठा पक्षी, अन् चव कुठं ठेवली याची?”

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही सित्राला पोचलो. बाबा घरी एकटे कशाला बसतील म्हणून त्यांनाही नेलं. कॅम्पच्या अंगणात टेबलं, टेबलांवर लाल-पांढरा कागद, मागे बॅनर. बॅनरवर मंडळाचं नाव मोठं, अध्यक्षांचा फोटो त्याहून मोठा, आणि कोपऱ्यात तयार छापील चित्रातली एक जिवंत टर्की, पिसारा फुलवून. चाळीसेक माणसं बाकांवर बसली होती. त्यांचा आठवड्यातला सुटीचा हा एकच दिवस. अध्यक्षांनी त्यातली वीस मिनिटं ‘श्रमाची प्रतिष्ठा’ या विषयाला दिली. पहिल्या बाकावरच्या बंगाली माणसाने शेजाऱ्याला हळूच विचारलं, “खलास?” शेजारी म्हणाला, “मफी खलास, नहीं हुआ. अभी फोटो बाकी है.”

फोटो झाले. सेक्रेटरीबाईंनी बाबांच्या हातात टर्कीचा ट्रे दिला. “काका, तुम्ही ज्येष्ठ, तुम्ही मधे उभे राहा.” बाबा उभे राहिले.

मग वाढणं सुरू झालं. माणसं सभ्य होती. प्रत्येकाने तुकडा घेतला, उलटा-सुलटा केला, थोडा खाल्ला. यवतमाळकडचा एक वेल्डर मला म्हणाला, “साहेब, कोंबडी लई म्हातारी होती का?” कोणीतरी भात आहे का म्हणून विचारलं. भात नव्हता. अमेरिकेत भात नसतो.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, बाबा जागेवर नाहीत. ते अंगणाच्या टोकाला कॅम्पच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आत हैदराबादकडचा एक धिप्पाड स्वयंपाकी मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत होता. वास अंगणाच्या मध्यापर्यंत येत होता. मी तो ओळखला. इतक्या वर्षांनीही नाकाला शिकवावं लागत नाही. आम्ही आमची टर्की घेऊन कधी जातो याची वाट बघत त्यांचं खरं जेवण तिथे तयार होत होतं.

मी पोचलो तेव्हा स्वयंपाक्याने ताटलीत रस्सा आणि दोन फोडी घातल्या होत्या, वर रोटी ठेवली होती. पण तो प्रामाणिक माणूस होता. ताटली पुढे करायच्या आधी खणखणीत आवाजात म्हणाला, “चाचा, पहले बता दूँ, बड़े का है. चलेगा?”

बाबांचा हात पुढे आला होता. चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

माझ्या मागे सेक्रेटरीबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे अध्यक्ष, आणि अध्यक्षांच्या मागे कॅमेरा.

मी म्हटलं, “नहीं नहीं भाई. इनका परहेज है. डॉक्टर ने मना किया है.”

सेक्रेटरीबाईंनी छातीवर हात ठेवला. “बाई गं! काका, चुकून खाल्लं असतं हो तुम्ही. बरं झालं यांचं लक्ष होतं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गाडीत आवाज कुठून येतोय हे सापडल्यावर मेकॅनिक बघतो तसं. मग हात मागे घेतला, शर्टाला पुसला, आणि स्वयंपाक्याला म्हणाले, “माफ करना भाई. पथ्य है.”

परतीच्या वाटेवर पुलावर आल्यावर ते एवढंच म्हणाले, “तिखट बरोबर होतं त्याचं. वासावरून समजलं.”

शनिवारी सकाळी दुकान उघडताच मी गेलो. काउंटरवर सांगून भारतातलंच मागितलं, दीड किलो. बायकोने आईच्या पद्धतीने, कांदा-खोबरं भाजून, तब्येतीत केलं. मी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आता कोणी येणार नव्हतं, त्यामुळे त्या उघडण्यात काही पराक्रम नव्हता. बाबांचं विमान दुसऱ्या दिवशी होतं.

बाबा हात धुऊन जेवायला बसले. बायकोने वाटी पुढे सरकवली. त्यांनी ती दोन बोटांनी हळूच माझ्या बाजूला लोटली.

“नको रे. पथ्य आहे ना माह्यं.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मी उत्तर दिलं असतं. वादात मी चांगला आहे. पण त्यांचा आवाज साधा होता. लोकांसमोर बोललेला शब्द मुलाचा असला तरी घरात मोडायचा नाही, इतकाच त्याचा अर्थ होता. मी म्हटलं, “बाबा, मी चुकलो. खा ना.” बायको म्हणाली, “बाबा, मी तुमच्यासाठी केलंय.” ते म्हणाले, “वास मस्त आला बेटा. तुह्या सासूसारखा.” आणि वरणात पोळी चुरून जेवले.

मुलीने वाटी संपवली आणि म्हणाली, “इट्स रिअली गुड, आजोबा.” ते म्हणाले, “खा माय, तू खा.”

जानेवारीत शेक सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात चहा लोखंडाच्या पाण्यासारखा लागतो म्हणाले. नंतर तेही म्हणेनासे झाले, कारण लोखंडही लागेना. गाठ गेली. डॉक्टर खूश आहेत. चव परत येईल, थांबा, असं ते आधी म्हणायचे. आता तो विषय काढत नाहीत. मार्चमध्ये मी रजेवर गेलो तेव्हा बाबा भात दुधात कालवून औषधासारखा गिळत होते. बहीण म्हणाली, मीठ जास्त पडलं काय, साखर पडली काय, ते काही बोलत नाहीत. मी त्यांच्या ताटासमोर बसलो आणि मला जेवण गेलं नाही. बाबांना वाटलं विमानप्रवासाचा त्रास झाला असेल.

इकडच्या त्या तीन आठवड्यांतला त्यांचा एकच चांगला फोटो आमच्याकडे आहे. मंडळाच्या वार्षिक अंकात छापून आला. मधे बाबा, हातात ट्रे, ट्रेमध्ये टर्की. खाली लिहिलंय, ‘चवीने जोडली माणसं.’

यंदा पुन्हा ठराव झाला. पुन्हा एकमताने, म्हणजे मीही हात वर केला. पुन्हा मार्गशीर्ष आहे. सेक्रेटरीबाईंनी या वेळी विचारलंही नाही, गाडीतून तीन टर्की उतरवून घेतल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे काय, सवयीचं झालंय आता.” मी दार उघडून धरलं.

काल बाबांना फोनवर हे सांगितलं. ते रोज फोन करतात आणि रोज विचारतात, आज काय केलं होतं जेवायला. मी सांगतो. ते ऐकतात.

“मंग? यंदा तरी त्याले चव आहे का?”

“नाही बाबा.”

“मंग ठीक आहे,” बाबा म्हणाले. “माह्यं कायी हुकून नाही ऱ्हायलं.”