थोरली रानात गेली तेव्हा

भावंडांत सगळ्यात मोठी, म्हणून घरीदारी तिला थोरलीच म्हणत. आई गेल्यावर धाकट्यांची लग्नं तिनेच लावून दिली. स्वतःचं राहिलं ते राहिलंच. आता ती भावाच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत राहायची. दिवसभर इस्पितळात चादरी-अभ्रे मोजून द्यायचे आणि घरी आलं की रांधा, वाढा, उष्टी काढा.

इस्पितळातल्या एका नर्सने तिला रविवारच्या वर्गाला ओढून नेलं. शाळेमागच्या मैदानावर रानात राहायचं शिक्षण मिळायचं. शिकवणाऱ्याला सगळे कॅप्टन म्हणत. फौजेशी त्याचा संबंध खाकी पँटपुरताच. एरवी त्याचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं.

भाऊ हसला. वहिनीला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण थोरली इरेला पेटली. वाऱ्याकडे पाठ करून तंबू ठोकायला शिकली, ओलं लाकूड तासून आतल्या कोरड्या गाभ्यावर जाळ धरायला शिकली. नकाशा तिला सगळ्यात आवडला. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, हे कळलं त्या दिवशी ती घरी चालत आली, बसने आलीच नाही.

मग सहल निघाली. पहिल्या मुक्कामी कॅप्टनने कामं वाटली. तरुणांकडे वाट काढायचं, नर्सकडे औषधपेटी. थोरलीकडे बघून तो म्हणाला, "चला, जेवणाची काळजी मिटली."

सगळे हसले, तीही हसली. आजच्यापुरतं असेल, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाकीचे कडा चढून आले तेव्हा ती ओढ्याकाठी पातेली घासत होती. आगीतून उठून फुफाट्यात आले, एवढंच तिच्या मनात आलं.

शेवटच्या सकाळी तिने धीर केला.

"आज नकाशा माझ्याकडे द्याल?"

"अहो ताई, तुमच्या हाताला चव आहे. ज्याचं काम त्यानंच करावं," कॅप्टन म्हणाला. मग तिचं पडलेलं तोंड बघून त्याने होकायंत्र तिच्या हातात दिलं, एक फोटो काढला आणि ते परत घेतलं.

उतरताना नर्स हळूच म्हणाली, "तू भांडायला हवं होतंस."

"तू तिथेच होतीस की," थोरली म्हणाली. नर्सने चालण्याचा वेग वाढवला.

पुढच्या सहलीला थोरलीने नकार कळवला. आपल्यावाचून त्यांचं अडेल, कुणीतरी समजूत घालायला येईल, अशी तिला आत कुठेतरी आशा होती. त्यांनी एक आचारी सोबत नेला. जेवण झकास होतं, असं नर्सनेच येऊन सांगितलं.

थोरलीने वर्गही सोडला. वहिनीला बरंच वाटलं. रविवारी घरात माणूस लागतंच, म्हणाली. पुढच्याच रविवारी पाहुणे आले तेव्हा थोरली दार लावून पडून राहिली. वहिनीने हाक मारली. थोड्या वेळाने पुन्हा मारली. मग थोरली उठली आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेली.